पाचवीचे ताव

आमच्या गावात दोन वर्षांत एकही तान्हं मूल धनुर्वातानं मेलं नाही, असं एका छापील इंग्रजी पुस्तिकेत लिहिलेलं आहे. पान एकोणीस, तक्ता तिसरा, वरून सहावी ओळ. तो आकडा मी दिलेला आहे आणि तो खोटा आहे. मी तेव्हा एकही आकडा जाणूनबुजून खोटा लिहिला नव्हता, म्हणून हे लिहिणं मला अवघड जातं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. साथीच्या आणि संसर्गाच्या रोगांची एक पाहणी चालू होती. ठिकठिकाणचे डॉक्टर आपापल्या गावांचे आकडे एकत्र करत आणि त्याच्या पुस्तिका छापत. आमच्या भागाचं कार्यालय वाशीमला, स्टेशनच्या रस्त्यावर, दोन खोल्यांचं. प्रत्येक गावातून एक मॅट्रिक झालेला माणूस घेतला होता. आमच्या गावातून मी. दर पंधरा दिवसांनी गावातल्या एकशे बारा घरांच्या दारात जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. ताप आला का? हगवण लागली का? कोणी जन्मलं का? कोणी मेलं का? लोक मला जनम-मरणवाला म्हणत. पारावर बसलेला एखादा म्हातारा लांबूनच ओरडे, "अरे, मी जिता हाय रे बाप्पा! लिव्हून घे अन् जाय पुढं!"

नोकरीवर घेताना आम्हाला एक नियम सांगितला होता. घरातलं माणूस सांगेल तेच लिहायचं. तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे, काय वाटतं, ते लिहायचं नाही. हा नियम मला फार पटला. माझा स्वभावच तसा. माहीत असणं आणि नोंद असणं या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवत असे आणि मला त्याचा अभिमान होता.

दुसरी गोष्ट नाव. जन्माचं कार्ड वेगळं असे आणि त्यावर पहिलाच रकाना बाळाच्या नावाचा. सुरुवातीला मी एका चार दिवसांच्या मुलाचं कार्ड नावाचा रकाना रिकामा ठेवून पाठवलं. ते लाल शाईनं शेरा मारून परत आलं. 'नाव नाही. अपूर्ण.' मला ते लागलं. माझं कार्ड परत येतं म्हणजे काय? तेव्हापासून मी बारसं होईपर्यंत थांबू लागलो. बाराव्या दिवशी नाव ठेवलं की तेराव्या दिवशी कार्ड भरायचं. त्यानंतर माझं एकही कार्ड परत आलं नाही.

आता तावांबद्दल सांगतो.

आमच्याकडे मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. पाट मांडून तिच्यापुढं एक कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि लेकराच्या नशिबात काय ते लिहून जाते. पूर्वी बाया शाळेच्या वहीचं पान फाडून नेत. पण मला कार्यालयातून जाड, पांढरे, गुळगुळीत ताव मिळत, कोपऱ्यात निळा गोल शिक्का मारलेले. एकदा एक आजीबाई दारात आली.

"तुह्याजोळचा कागद दे एक. पाचवी हाय नातवाची."

"आजी, हा सरकारी कागद आहे."

"मंग तं चांगलंच. जाड कागदावर लंबी उमर लिव्हते थे."

मी दिला. ही गोष्ट गावभर झाली आणि मग पाचवी आली की माझ्या दारात माणूस येऊ लागलं. कागद मोजून मिळत असल्यामुळे मी साठावहीत दर वेळी नोंद करत गेलो. तारीख, घर क्रमांक, पाचवी, ताव एक. वाशीमचे पर्यवेक्षक ती वही पाहून हसायचे. "सटवाईची सही घेत जा एकदा," म्हणायचे.

आमच्या स्वतःच्या घरात सटवाई नव्हती. छप्पन साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. वडील आता नव्हते, पण त्यांनी घेतलेली शपथ मी पाळत होतो. आमच्या वस्तीतल्या काही बाया शेजारच्या कुणब्याच्या घराचं नाव सांगून माझ्याकडून ताव नेत. मला ते कळायचं. त्या सांगतील तोच घर क्रमांक मी लिहायचो.

दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. घर क्रमांक चौसष्ट. सुईण आमच्याच वस्तीतली, गावातली निम्मी माणसं तिच्या हातची. चार दिवस मुलगी चांगली होती, प्यायची, झोपायची. पाचव्या दिवशी दुपारी माय माझ्याजवळ आली. मी कार्डांचा गठ्ठा बांधत होतो.

"एक ताव दे."

"कशाला?"

"कायले म्हंजे? सगळ्या गावाले देतं, मले नाई देत?"

"माय, आपल्यात नाही ते. बाबांनी काय सांगितलं होतं?"

"तुह्या बाबानं देव नदीत टाकले. सटवाई काई आमच्या टोपल्यात नोती." ती थांबून राहिली. मग म्हणाली, "नको देऊ."

सहाव्या दिवशी सकाळी मुलीनं दूध सोडलं. तोंड उघडेना. माझी बायको बोट लावून पाहत होती. सातव्या दिवशी अंग ताठू लागलं. दाराची कडी वाजली तरी ती धनुष्यासारखी वाकायची, म्हणून आम्ही कडीला चिंधी गुंडाळली. आठव्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ती गेली. तिला मीच उचलून नेलं. आमच्या शेताच्या बांधाला, पळसाखाली. सोबत सुईण होती, बाकी कोणी नाही. एवढ्या लहान मुलाच्या मातीला लोक येत नाहीत.

पंधरवड्याची फेरी चार दिवसांनी होती. मी पहिल्या घरापासून सुरुवात केली आणि चौसष्टाव्या घराशी आलो. ते माझं घर. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. नियमानं बाहेरच उभं राहायचं असे. माय ज्वारी पाखडत होती. मी विचारलं, "ताप?"

"नाई."

"हगवण?"

"नाई."

"कोणी जन्मलं?"

मायनं सूप हलवणं थांबवलं नाही. "नाई."

"कोणी मेलं?"

"कोणी नाई."

बिननावाच्या लेकराचं नाव काढू नये, काढलं तर ते पुढच्याला बोलावतं, असं आमच्याकडे म्हणतात. मायच्या डोक्यात तेच होतं. माझ्या डोक्यात काय होतं? घरातलं माणूस सांगेल तेच लिहायचं. मी चार वेळा शून्य लिहिलं आणि पासष्टाव्या घराकडे गेलो. आत माझी बायको होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

वर्षभरानं ती पुस्तिका आली. आम्हा सगळ्यांना वाशीमला बोलावून एकेक प्रत दिली. मला इंग्रजी बेताचंच, पण तक्ते वाचता येत. तान्ह्या मुलांच्या धनुर्वाताचा तक्ता, गावांची नावं आणि समोर आकडे. आमच्या गावासमोर शून्य. पर्यवेक्षकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कार्ड एकही परत न येणारं गाव आणि वर हे. माझ्या शेजारी मानोऱ्याकडच्या एका गावाचा माणूस बसला होता. त्याच्या गावासमोर पाच.

मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे बारशाआधी गेलेली मुलं कशी आली कार्डावर? नाव नसेल तर कार्ड परत येतं ना?"

तो डोळे मिचकावून हसला. "म्या ठेवले नावं. पोरगा असन तं देवाचं, पोरगी असन तं नदीचं. गोदा, पूर्णा, पैनगंगा, काय वाट्टेल थे. कार्ड कायले येते वापस!"

हा माणूस फेऱ्या चुकवायचा, घरी बसून रकाने भरायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्याला मनातून खालच्या दर्जाचा समजत असे. पण कानावर आलेलं प्रत्येक मूल तो कार्डावर घालत होता. त्याचा आकडा खरा होता आणि माझा खोटा. हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. पुस्तिका पिशवीत घातली.

मग डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. पाहणीच्या आमच्या भागाच्या त्याच प्रमुख. मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, पुढल्या महिन्यापासून गरोदर बायांना धनुर्वाताच्या दोन सुया द्यायच्या आहेत. आईला टोचलं की बाळ वाचतं. पण लस पुरेशी नाही. म्हणून ज्या गावांत रोग दिसला तिथंच आधी. यादी याच तक्त्यावरून केली आहे.

यादी वाचून दाखवली. आमचं गाव त्यात नव्हतं.

एसटीनं शेलूबाजारला उतरलो आणि तिथून गावापर्यंत चालत आलो. वाटेत मी मोजत होतो. गरोदर बायांची वेगळी कार्डं त्या वर्षीच सुरू झाली होती, त्यांप्रमाणे गावात त्या वेळी नऊ बायका पोटुशी होत्या. नवव्या कार्डावर घर क्रमांक चौसष्ट. माझ्या बायकोला सहावा महिना लागला होता.

घरी आलो तेव्हा ती ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होती. सुया येणार हे तिनं आधीच कुठून तरी ऐकलं होतं.

"आपल्या गावात कधी येतीन मंग नर्सबाई?"

"आपल्या गावाचं नाव नाही."

"काहून?"

"आपल्याकडे तो रोग नाही."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "नाई?"

"कागदावर नाही."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. हळू आवाजात म्हणाली, "मंग माही पोरगी कायनं मेली?"

वर्षभरात आमच्या घरात तिचा उल्लेख पहिल्यांदा झाला तो असा. आत माय होती, तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

त्या संध्याकाळी मी साठावही काढली. तक्त्यातल्या दोन वर्षांत पाचवीसाठी दिलेले ताव एकतीस. त्याच घरांतून बारसं होऊन भरलेली कार्डं सव्वीस. शेजारच्या नावावर नेलेले ताव खऱ्या घरापुढं धरून मी तीन वेळा बेरीज केली. पाच ताव असे होते की ज्यांच्यापुढं कार्ड नव्हतं. पाच घरं, पाच तारखा, माझ्याच अक्षरात. त्या मुलांचं मला माहीत नव्हतं असं नाही. एकाच गावात राहतो आपण. कोणाच्या घरून रडणं आलं, कोणाच्या दारात चार दिवस कोणी गेलं नाही, सगळं कळत होतं. फक्त ते मी कधी एका ओळीत मांडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत वाशीमला गेलो आणि वही डॉक्टरीणबाईंपुढं ठेवली. चौसष्ट नंबरबद्दलही सांगितलं. त्यांनी पानं उलटली.

"हा कागदांचा हिशेब आहे. मुलांचा नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"याच्यावरून मी छापलेला तक्ता बदलू शकत नाही. घरी जा आणि आईच्या तोंडून विचारा. कितव्या दिवशी दूध सोडलं, तोंड उघडत होतं का, अंग ताठलं का, कितव्या दिवशी गेलं. आईच्याच तोंडून. यादी पुढल्या सोमवारी जाते." मग म्हणाल्या, "तुमच्या पत्नीला मात्र उद्या घेऊन या. इथे आहे ती लस मी टोचते तिला."

मी हे घरी सांगितलं. बायको म्हणाली, "घेईन न मी सुई. माहं काय जाते? पन मंग बाकीच्या आठजनीले तुमीच सांगा, तुमाले काहून नाई म्हनून."

हातात सहा दिवस होते.

पहिलं घर फुकट गेलं. मी दारात उभा राहून विचारलं, "तुमचं एक मूल बारशाआधी गेलं होतं का?" सासू म्हणाली, "आमच्या घरी असं काई झालं नाई," आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या घरी तेच झालं, वर शिव्याही खाल्ल्या. दुपारी सुईण मला वाटेत भेटली. तिला सगळं कळलं होतं.

"असं इचारतेत काय लेका? मेलं काय म्हनून? कोन सांगन?"

"मग कसं विचारू?"

"तू इचारूच नको. तुह्या वहीत काय लिव्हलं थे वाचून दाखव फक्त. चाल, मी येतो संगं."

आम्ही दोघं पुन्हा पहिल्या दारात गेलो. सुईणीला कोणी दारात ठेवत नाही. ती सरळ चुलीपर्यंत गेली आणि सुनेजवळ बसली. मी ओसरीवरून वही उघडून वाचलं. "पोळ्यानंतरचा तिसरा दिवस. घर क्रमांक सतरा. पाचवी. ताव एक."

मग ती सून उठली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची सून, मी तिला त्या घरात कधी बोलताना ऐकलं नव्हतं. पेटी उघडल्याचा आवाज आला. तिनं बाहेर येऊन माझ्यासमोर एक घडी केलेला कागद धरला. जाड, पांढरा, कोपऱ्यात निळा गोल शिक्का. एका कडेला हळदीचं बोट उमटलेलं होतं. बाकी कोरा.

"म्या ठेवला," ती म्हणाली. "मले वाटे, काई तरी लिव्हलं असन. आपल्याले दिसत नसन फक्त."

मी तो उजेडाकडे धरून पाहिला. का पाहिला ते मला आजही सांगता येणार नाही. मग तिच्या हातात परत दिला आणि विचारलं, कितव्या दिवशी दूध सोडलं. तिनं सांगितलं. सासू दारात उभी होती.

पाच घरांपैकी तीन घरांतून ताव निघाले. एक देव्हाऱ्यामागं, एक धान्याच्या कणगीखाली, एक पेटीत. सगळे कोरे. पाच मुलांपैकी तीन ताठून गेलेली. बाकी दोन वेगळ्या कारणानं. आमच्या वस्तीतलं एक घर असं होतं की जिथं ताव गेला नव्हता, पण सुईणीला ते बाळंतपण आठवत होतं. ते मूल वेळेआधीचं होतं, दुसऱ्याच दिवशी गेलेलं. सुईणीला सगळी बाळंतपणं आठवत होती. कोणती रात्र, कोणता पाऊस, कोणाचा दिवा विझला. मी लिहीत होतो, ती सांगत होती. परतताना ती वाटेत थांबली.

"थे ताठलेले लेकरं. माह्या हातानं गेले काय थे?"

मी खोटं बोलत नाही. पण त्या वेळी बोलावंसं वाटलं. "हातानं नाही. विळ्यानं. नाळ कापायचा विळा उकळून घेतला नाही तर रोग आत जातो. आणि वर गोवरीची राख लावतात, तिच्यातून."

"माह्या सासूनं देला थो विळा," ती म्हणाली. आमच्या दाराजवळ आलो तेव्हा म्हणाली, "झाले तुहे घरं?"

"झाली."

"नाई झाले. एक राह्यलं." आणि ती आत न येता निघून गेली.

आईच्या तोंडून, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. रविवारी दुपारी मी बायकोसमोर बसलो. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. माय दाराशी पाठ टेकून बसली होती.

"कितव्या दिवशी दूध सोडलं?"

"सहाव्या. सकाळी."

"तोंड उघडत होतं?"

"नाई. तुमाले मालूम हाय."

"तू सांगायचं असतं."

"तोंड उघडत नोतं. जबडा बसला होता. बोट जात नोतं."

"अंग?"

"सातव्या दिवशी. कडी वाजली का ताठे. आपुन चिंधी बांधली कडीले." तिनं दाराकडे पाहिलं. चिंधी अजून तशीच होती. वर्षभर कोणी काढली नव्हती आणि मी वर्षभर त्या दारातून गेलो-आलो होतो.

"कितव्या दिवशी गेली?"

"आठव्या."

शेवटी मी वरच्या रकान्याकडे आलो. तो मी मुद्दाम मागं ठेवला होता. "नाव, नाही," असं मी स्वतःशीच म्हणत लिहायला लागलो.

"हाय," ती म्हणाली.

"काय?"

"नाव हाय. म्या ठेवलं होतं. चौथ्या दिवशी, पाजता पाजता. तुमाले सांगतलं नाई. बारशाले सांगीन म्हनलं."

तिनं नाव सांगितलं. मी ते रकान्यात लिहिलं. इथं लिहीत नाही. माय तोंडावर पदर घेऊन उठली आणि मागच्या अंगणात गेली.

सोमवारी मी वाशीमला पोचलो तेव्हा कार्यालय उघडायचं होतं. सात मुलं, त्यांतली चार धनुर्वाताची. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक कागद सावकाश वाचला. शेवटच्या कागदापाशी त्या थांबल्या, घर क्रमांक पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. यादीत खाली हातानं आमच्या गावाचं नाव वाढवलं. मग म्हणाल्या, "नावाच्या रकान्याची चूक आमची आहे. पण तुम्ही हे मला दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं." मी हो म्हणालो. पुढल्या फेरीसाठी मला घेतलं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नर्सबाई आली ती शाळेच्या व्हरांड्यात बसली. नऊच्या नऊ बायका आल्या. सतरा नंबरची सून सगळ्यांत आधी, सासूला घेऊन. सुईण रांगेत नुसतीच उभी होती, प्रत्येकीचा हात धरायला. एक बाई सुई पाहून रडायला लागली, तेव्हा सुईण तिला म्हणाली, "अवो, पोट्टं काढतानी इतकी नाई बोंबलत तू, अन् याले बोंबलतं!" सगळ्या हसल्या. माझी बायकोही हसली. ते हसू मी वर्षाहून अधिक काळानंतर ऐकत होतो.

पुस्तिकेसाठी शुद्धिपत्राची एक चिठ्ठी टंकलिखित झाली. शून्याऐवजी चार वाचावे, अशा अर्थाची. कार्यालयात उरलेल्या सगळ्या प्रतींत ती मी स्वतः बसून खळीनं चिकटवली. पण निम्म्याहून जास्त प्रती आधीच टपालानं गेल्या होत्या. कुठं कुठं गेल्या ते मी विचारलं. पत्त्यांची यादी होती, पण प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी पोचली की नाही हे कोणालाच सांगता आलं नाही.

आम्हाला मुलगा झाला. सुईणीनं नवं पातं उकळून घेतलं आणि राखेला हात लावला नाही. पाचव्या दिवशी दुपारी माय माझ्याकडे आली नाही. चुलीशी बसून राहिली. माझ्याजवळ कार्यालयाचे दोन ताव उरले होते, परत करायचे राहिलेले. त्यातला एक मी तिच्या हातात दिला. मी सटवाई मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. तिनं तो घेतला, पाट मांडला नाही, दिवा लावला नाही, नुसता घडी करून बाळाच्या दुपट्याखाली सरकवला. सहावा दिवस गेला. सातवा गेला. त्या दिवशी मी शेतावर गेलो नाही. आठव्या दिवशी मी सकाळपासून दाराशी बसून होतो आणि तो रडला की मला बरं वाटत होतं, कारण रडायला तोंड उघडावं लागतं. बाराव्या दिवशी नाव ठेवल्यावर मी तो ताव काढला आणि त्यावर तारीख, वेळ, नाव लिहिलं. त्याच्या वर, आधीच्या मुलीचं नाव आणि तिचे आठ दिवस लिहिले.

त्यानंतर चार वर्षांनी, मी ग्रामपंचायतीत लिहिण्याचं काम करत होतो तेव्हा, आरोग्य केंद्रातल्या एका ओळखीच्यानं मला एक जाडजूड नवी पुस्तिका दाखवली. वेगवेगळ्या भागांतल्या पाहण्या एकत्र करून केलेली, दूर कुठं तरी छापलेली. "तुमच्या गावाचं नाव आहे यात," तो कौतुकानं म्हणाला. होतं. समोर शून्य होतं. ज्यानं लिहिलं त्याच्याकडे चिठ्ठी नसलेली प्रत पोचली असणार. मी पत्ता उतरवून घेतला, पत्र लिहिलं, पोच आली नाही. दुसरं लिहिलं. त्याचीही नाही.

ती पुस्तिका मी त्याच्याकडून मागून घरी आणली. लपवून ठेवायचं मनात आलं होतं, पण बायकोनं पाहिलीच.

"आपली हाय ना याच्यात?"

तिला अक्षर येत नाही. हो म्हटलं असतं तर तिला कळलं नसतं. मी म्हणालो, "नाही. जुनाच आकडा छापला यांनी."

"कोनता? दाखवा."

मी पान काढून दिलं आणि ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला करून तिथं आपलं ठेवलं.

"हे गोल?"

"हो."

"इतकं बारीक!" ती म्हणाली. बराच वेळ तिनं बोट उचललं नाही. मग म्हणाली, "भरून टाका थे."

छापलेल्या कागदावर मी आयुष्यात कधी पेन लावला नव्हता. कोनाड्यातून पेन आणला आणि तिच्यासमोर तो गोल आतून निळा भरला. शाई कागदातून पाठीमागच्या पानावर उतरली. ती प्रत मी परत केली नाही, अजून माझ्याजवळ आहे. बाकीच्या प्रती कुठं आहेत मला माहीत नाही आणि त्या सगळ्यांत तो गोल अजून रिकामा असणार.